नैवेद्याच्या ताटातले चॉकलेट

चतुर्थी जवळ आली की गेली काही वर्षे आपल्याकडच्या अनेक घरांत एक प्रश्न हमखास निघतो. मुलांना चॉकलेटचे मोदक हवे असतात आणि वडीलधाऱ्यांना ते नैवेद्याच्या ताटात पाहवत नाहीत. उकडीचे, कणकेचे तळलेले, फार तर खव्याचे मोदक, इथपर्यंत ठीक. पण देवापुढे चॉकलेट म्हणजे फारच झाले, असे त्यांचे म्हणणे. मधल्या पिढीतल्या आमच्यासारख्यांची मात्र पंचाईत होते. आम्हाला दोन्ही बाजू पटतात आणि दोन्हीकडून बोलणीही खावी लागतात.

या वादाचा निकाल भावनेवर लावण्यापेक्षा आधी थोडा इतिहास चाळून पाहावा, म्हणून हा लेख. चॉकलेट कुठले, ते घरी करण्याची रीत कशी पडली आणि ते आपल्या बेळगावच्या स्वयंपाकघरापर्यंत कसे आले, हे पाहिले की वाद मिटतो असे नाही. पण प्रश्न बदलतो. आणि बदललेला प्रश्न आपल्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे.

खांड इथली, कोको तिकडचा

इंग्रजीत गोड गोळीला 'कँडी' म्हणतात. हा शब्द मूळचा आपलाच. संस्कृतात 'खण्ड' म्हणजे तुकडा, आणि त्यावरून साखरेचा खडा. आपल्या बोलण्यातली 'खांड' ती हीच. फारसी-अरबीत तिचे 'कंद' झाले, तिथून ती युरोपात गेली आणि 'कँडी' होऊन परत आली. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात फाणित, गूळ, मत्स्यण्डिका, खण्ड आणि शर्करा असे उसाच्या रसाचे प्रकार सांगितले आहेत. उसाच्या रसापासून दाणेदार साखर करण्याची विद्या ही भारताने जगाला दिलेली देणगी आहे. म्हणजे 'चॉकलेट कँडी' या जोडशब्दातला निम्मा भाग तरी इथला आहे.

उरलेला निम्मा, म्हणजे कोको, अमेरिका खंडातला. दक्षिण अमेरिकेतल्या इक्वेडोरमध्ये सापडलेल्या भांड्यांवरच्या अंशांवरून माणूस पाच हजार वर्षांहून अधिक काळ कोको वापरत आला आहे, असे दिसते. पुढे मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतल्या माया आणि अ‍ॅझ्टेक लोकांत कोकोला मोठा मान होता. ते चॉकलेट खात नसत, पीत असत. भाजलेल्या बिया पाट्यावर वाटायच्या, पाण्यात कालवायच्या, त्यात कधी मिरची तर कधी सुवासिक फुले घालायची आणि उंचावरून ओतून फेस आणायचा. या बिया नाण्यांसारख्या बाजारात चालत. देवाच्या पूजेत, लग्नकार्यात आणि सरदार-दरकदारांच्या मेजवानीत कोको असे.

सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी हे पेय युरोपात नेले. तिथे त्यातली मिरची गेली आणि साखर आली. उसाची साखर आणि अमेरिकेतला कोको यांची गाठ पडली ती अशी. ही गाठ पडताना मोठे पापही घडले, हे विसरून चालणार नाही. उसाच्या आणि कोकोच्या मळ्यांवर राबवण्यासाठी आफ्रिकेतून लाखो माणसे गुलाम म्हणून जहाजांत भरून नेली गेली. आपण ज्याला गोडवा म्हणतो, त्याच्या मुळाशी हेही आहे.

1753 साली स्वीडनचा वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियस याने या झाडाचे शास्त्रीय नाव ठेवले, 'थिओब्रोमा ककाओ'. यातला 'थिओब्रोमा' हा ग्रीक शब्दांपासून बनवलेला आहे आणि त्याचा अर्थ होतो 'देवांचे अन्न'. नैवेद्याचा वाद घालताना हे नाव आठवले की थोडे हसू येते.

उपवासाचे ताट कुठले?

'चॉकलेट परदेशी, म्हणून देवाला नको' हा मुद्दा एकदा नीट तपासून पाहू. संकष्टीचे किंवा एकादशीचे ताट डोळ्यांसमोर आणा. साबुदाण्याची खिचडी, तिच्यात बटाट्याच्या फोडी, दाण्याचे कूट, हिरवी मिरची. शेजारी राजगिऱ्याचा लाडू.

साबुदाणा आज टॅपिओका या कंदापासून होतो, आणि हा कंद मूळचा दक्षिण अमेरिकेचा. पूर्वी आपल्याकडे साबुदाणा बाहेरून येत असे. दुसऱ्या महायुद्धात ती आवक बंद पडली आणि 1943 च्या सुमारास तामिळनाडूतल्या सेलमला टॅपिओकापासून साबुदाणा करण्याचा उद्योग उभा राहिला. बटाटा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताचा, आणि त्याचे मराठी नावच पोर्तुगीजांकडून आलेले. भुईमूग दक्षिण अमेरिकेचा. मिरचीही अमेरिकेतलीच. मोदकाच्या सारणात हौसेने घातला जाणारा काजू ब्राझीलचा. तो पोर्तुगीजांनी गोव्यात आणला.

सगळ्यात नवल राजगिऱ्याचे. राजगिरा हे धान्य मूळचे अमेरिकेतले. मेक्सिकोचे अ‍ॅझ्टेक लोक राजगिऱ्याचे पीठ मधासारख्या पाकात मळून त्याच्या देवमूर्ती करत, त्यांची पूजा करत आणि नंतर त्या मूर्तीचे तुकडे प्रसाद म्हणून वाटून खात. स्पॅनिश राज्यकर्त्यांनी या पूजा बंद पाडल्या. पण फुलवलेला राजगिरा पाकात घालून केलेली वडी मेक्सिकोत आजही मिळते, आणि ती आपल्या चिक्कीच्या शेजारी ठेवली तर पटकन वेगळी ओळखू येणार नाही.

म्हणजे राजगिरा आणि कोको एकाच मुलखातले, एकाच देवघरातले. एकाला आपण उपवासाला चालवून घेतले आणि दुसऱ्याला अजून दारातच उभे केले आहे. फरक आहे तो ओळखीचा. राजगिरा आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या कुणाच्या तरी हाताने निवडला, भाजला आणि वळला गेला. चॉकलेट मात्र बरीच वर्षे चकचकीत कागदात गुंडाळलेले, दुकानातूनच आले. परकेपणा जन्मगावावरून ठरत नाही. तो पदार्थ घरातल्या हातांतून किती गेला, यावरून ठरतो.

पेल्यातून वडीकडे

आता हे पेय वडीच्या रूपात कसे आले ते पाहू, कारण घरी चॉकलेट करणे शक्य झाले ते त्यानंतर.

कोकोच्या बीमध्ये जवळजवळ निम्मी चरबी असते. तिला कोको बटर म्हणतात. या चरबीमुळे जुन्या काळचे पेय तेलकट होई आणि वर तवंग येई. 1828 साली हॉलंडमधल्या व्हॅन हाउटेन यांच्या कारखान्याने दाबयंत्राने ही चरबी पिळून काढण्याची युक्ती पेटंट केली. उरलेल्या पेंडीची जी पूड झाली, ती आपली डब्यातली कोको पावडर. याच कारखान्यात पुडीवर क्षाराची प्रक्रिया करून तिचा उग्रपणा कमी करण्याची पद्धतही निघाली.

पिळून काढलेल्या चरबीचे काय करायचे? 1847 साली इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या फ्राय कंपनीने ती कोको आणि साखरेत पुन्हा मिसळली आणि साच्यात ओतली. थंड झाल्यावर घट्ट, खाता येईल अशी वडी तयार झाली. 1856 साली अमेरिकेत गेल बॉर्डन याने दूध आटवून टिकवण्याचे पेटंट घेतले. हेच कंडेन्स्ड मिल्क. 1875 साली स्वित्झर्लंडच्या डॅनियल पीटर याने आटवलेल्या दुधाची आणि चॉकलेटची जोडी जमवली, आणि दुधाचे चॉकलेट जन्माला आले. 1879 साली त्याच देशातल्या रुडॉल्फ लिंट याने चॉकलेट तासन्‌तास घोटण्याचे यंत्र आणले. श्रीखंडासाठी चक्का पुरणयंत्रातून जितका जास्त फिरवावा तितके ते मऊ होते, तसाच हा प्रकार.

या पन्नास वर्षांत कोको पावडर, चॉकलेटची वडी आणि डब्यातले दूध अशा तीन गोष्टी वाण्याच्या दुकानात मिळू लागल्या. त्यानंतर चॉकलेट पुन्हा घरात यायला वेळ लागला नाही.

मुलींनी रुळवलेली रीत

ते घरात आणले बायकांनी आणि मुलींनी. याची दोन उदाहरणे सांगण्याजोगी आहेत.

पहिले अमेरिकेतले. न्यूयॉर्क राज्यात व्हॅसर नावाचे मुलींचे कॉलेज होते. तिथल्या एमेलिन हार्टरिज या विद्यार्थिनीचे एक पत्र उपलब्ध आहे. तिने लिहिले आहे की, तिच्या मैत्रिणीच्या नात्यातल्या कुणीतरी 1886 साली बाल्टिमोर शहरात 'फज' नावाची मिठाई केली होती आणि ती 40 सेंट पौंड या भावाने विकली जात होती. एमेलिनने ती कृती मिळवली आणि 1888 साली कॉलेजच्या विक्री-कार्यक्रमासाठी 30 पौंड, म्हणजे साडेतेरा किलोंच्या आसपास फज केला. साखर, साय, चॉकलेट आणि लोणी आटवायचे, घोटायचे, ताटात ओतून वड्या पाडायच्या, इतकीच कृती. मग इतर मुलींच्या कॉलेजांतही हे लोण पसरले. वसतिगृहाच्या खोलीत, जे साधन हाती असेल त्यावर मुली रात्री फज करत बसत. नाताळच्या सुट्टीत त्या घरी गेल्या आणि ही कृती घराघरांत पोचली. अमेरिकेत नाताळला घरी चॉकलेटची मिठाई करायची जी पद्धत आहे, तिच्या मागे या मुलींचा मोठा हात आहे.

फजची ही वाट पुढे आपल्या लोणावळ्यापर्यंत आली. तिथून येताना चिक्कीबरोबर चॉकलेटचा आणि अक्रोडाचा फज बांधून आणणारे आपल्यातही पुष्कळ आहेत.

दुसरे उदाहरण ब्राझीलचे. 1945 साली तिथे राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक झाली. हवाई दलाचे ब्रिगेडियर एदुआर्दो गोमेस हे एक उमेदवार होते. ब्राझीलमध्ये बायकांना मताचा अधिकार 1932 साली मिळाला होता, त्यामुळे त्यांचा प्रचारातला उत्साह ताजा होता. गोमेस यांच्या समर्थक बायकांनी कंडेन्स्ड मिल्क, कोको आणि लोणी आटवून गोळ्या वळल्या आणि प्रचाराच्या सभांत त्या विकून निधी जमवला, असे सांगितले जाते. गोमेस निवडणूक हरले. गोळ्यांना मात्र 'ब्रिगेडेरो' हे नाव चिकटले, आणि आज ब्राझीलमध्ये मुलांचा वाढदिवस त्यांच्याशिवाय होत नाही.

आम्हा बेळगावकरांना या गोळीत काहीतरी ओळखीचे वाटायला हवे. दूध आणि साखर मंद आचेवर आटवायची, तळ सुटेपर्यंत परतायची, तांबूस रंग आणायचा. राजस्थानातून आलेल्या मिठाईवाल्यांनी आपल्या गावात रुजवलेला कुंदा याहून वेगळा काय आहे? कुंद्यात कोको नाही, एवढेच. आणि कुंदा तरी मूळचा इथला कुठे होता? आज मात्र पाहुण्याला बेळगावची खूण म्हणून आपण तोच बांधून देतो.

आपल्याकडे आलेला कोको

कोकोचे झाड भारतात आले ते ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात. 1798 च्या सुमारास तामिळनाडूतल्या कुर्तालम भागात त्याची पहिली लागवड झाली. तिचा फारसा विस्तार झाला नाही. 1948 साली कॅडबरी कंपनी मुंबईत आली ती बाहेरचे चॉकलेट आणून विकण्यासाठी. 1965 पासून केरळात वायनाडला कोकोच्या लागवडीचे प्रयोग सुरू झाले आणि सत्तरच्या दशकात केरळ-कर्नाटकातल्या बागायतदारांनी नारळ-सुपारीच्या सावलीत कोको लावला. त्याच दशकात गुजरातेत आणंदच्या अमूलनेही चॉकलेट काढायला सुरुवात केली.

मग दर कोसळले. खरेदीदार मागे सरले आणि झाडावर पिकलेली फळे घेऊन जायचे कुठे, असा प्रश्न शेतकऱ्यांपुढे उभा राहिला. सुपारी उत्पादकांसाठी 1973 साली मंगळूरला स्थापन झालेली कॅम्पको ही सहकारी संस्था तेव्हा पुढे आली. तिने कोको विकत घ्यायला सुरुवात केली आणि 1986 साली दक्षिण कन्नड जिल्ह्यात पुत्तूरला स्वतःचा चॉकलेटचा कारखाना उभारला. शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेने चॉकलेटचा कारखाना काढावा, ही गोष्ट साखर कारखान्यांची सवय असलेल्या आपल्या भागालाही अभिमानाची वाटावी अशी आहे.

नोकरीतल्या बदलीमुळे काही वर्षे आम्ही त्या जिल्ह्यात होतो. तिथे कोकोचे झाड जवळून पाहिले. फळ फांदीच्या टोकाला न लागता फणसासारखे थेट खोडाला लटकते. पिवळे झालेले फळ फोडले की आत पांढऱ्या गरात गुंडाळलेल्या तीस-चाळीस बिया. गर आंबटगोड, सीताफळाच्या जातीचा वाटावा असा. चॉकलेटची चव त्यात नावालाही नाही. त्या बिया गरासकट पाच-सहा दिवस झाकून आंबवायच्या, उन्हात वाळवायच्या, मग भाजायच्या. इतके झाल्यावर कुठे तो वास येतो. त्यानंतर चॉकलेट आम्हाला कधी विलायती वाटले नाही. बेळगावहून एका दिवसात पोचता येईल, इतक्या जवळचे ते पीक आहे.

'चॉकलेट' हा शब्द आणि दूध पावडरची वडी

आपल्या भाषेत 'चॉकलेट' या शब्दाचा अर्थ गंमतीचा आहे. कागदात गुंडाळलेली कुठलीही गोड गोळी म्हणजे चॉकलेट, मग तिच्यात कोकोचा कण नसला तरी चालेल. 1929 साली विलेपार्ल्यात सुरू झालेली पार्ले कंपनी आधी गोळ्याच करत असे, बिस्किटे नंतर आली. वालचंद हिराचंद यांनी मालेगावजवळ उभारलेल्या साखर कारखान्याच्या रावळगावने चाळीसच्या दशकात गोळ्या काढल्या, आणि कित्येक पिढ्यांनी शाळेत वाढदिवसाला 'चॉकलेटं' म्हणून त्याच वाटल्या. खरे चॉकलेट महाग होते. ते आले तर मुंबई-पुण्याहून येणाऱ्या पाहुण्याबरोबर येई, आणि आल्यावर सुरीने मोजून कापले जाई.

म्हणूनच ऐंशी-नव्वदच्या दशकांत आपल्या आयांनी दूध पावडरची चॉकलेटची वडी शोधली आणि बायकांच्या भिशीत, हळदीकुंकवाला, मासिकांच्या पाककृतीच्या पानावर ती फिरली. साखरेचा एकतारी पाक, त्यात लोणी किंवा तूप, मग चाळलेली दूध पावडर आणि कोको. गोळा सुटून आला की तुपाचा हात लावलेल्या ताटात थापायचा आणि शंकरपाळ्यासारख्या वड्या कापायच्या. वड्या जिलेटिनच्या रंगीत कागदात गुंडाळायचे काम मुलांचे. दिवाळीच्या सुट्टीत हे व्हायचे आणि फराळाच्या डब्यात चकली-चिवड्याच्या शेजारी या वड्यांचा एक कप्पा असायचा.

आपल्या गावात याला आणखी एक जोड होती. कॅम्पातल्या आणि आसपासच्या गोवेकर ख्रिस्ती शेजाऱ्यांकडून नाताळला ताट यायचे. त्यात नेवऱ्या, म्हणजे आपल्याच करंज्या, दोदोल, चण्याच्या डाळीचा दोस, रबरी साच्यातून काढलेली पाने-फुले-शंखांच्या आकाराची मिल्क क्रीम, आणि हल्लीच्या काळात चॉकलेटचा फजही. दिवाळीत आपले ताट त्यांच्याकडे जायचे आणि नाताळला त्यांचे आपल्याकडे यायचे. कुणाच्या घरची वडी कुणी उचलली, याचा हिशेब कुणी ठेवला नाही. सीमेवरच्या गावात पदार्थ असेच हिंडतात.

सोपे झाले ते कशामुळे

आजचा चॉकलेट मोदक मात्र या वडीचा थेट वारस नाही. तो आला बाजारात मिळणाऱ्या स्लॅबमुळे. या स्लॅबला कंपाउंड म्हणतात. खऱ्या चॉकलेटमध्ये कोको बटर असते. ते 34 अंशांच्या आसपास वितळते; शरीराचे तापमान 37, म्हणून ते जिभेवर विरघळते. पण त्याचा स्वभाव हट्टी. एकदा वितळवले की ते ठरावीक अंशांपर्यंत तापवून, निववून, पुन्हा किंचित तापवावे लागते. तसे केले नाही तर वडीवर पांढरट डाग पडतात आणि तुकडा मोडताना टच्‌ असा आवाज येत नाही. हे डाग बुरशीचे नसतात, चरबी वर आलेली असते; पण मुले खात नाहीत.

कंपाउंडमध्ये कोको बटरऐवजी दुसरे वनस्पतिजन्य स्निग्ध घालतात. ते वितळवले, साच्यात ओतले, गोठवले की झाले. म्हणून सात-आठ वर्षांचे मूलही हा मोदक करू शकते. सोपेपणाची किंमत चवीत आणि पोषणात मोजावी लागते, हे मात्र खरे. त्यात साखर आणि ते वनस्पतिजन्य स्निग्धच जास्त. पाकिटावरची घटकांची यादी वाचून घ्यावी आणि कोकोचे प्रमाण अधिक असलेले निवडावे.

कोको महागल्याचेही सगळ्यांनी अनुभवले असेल. जगातला अर्ध्याहून अधिक कोको पश्चिम आफ्रिकेतल्या आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोन देशांतून येतो. तिथे पाऊस बिघडला, झाडांवर रोग पडला आणि 2024 साली कोकोचा भाव टनाला दहा हजार डॉलरच्या वर गेला. आपल्या ताटातला छोटा मोदकही त्या शेतकऱ्याच्या पावसाशी बांधलेला आहे.

मग निकाल काय?

आमचे मत असे. नैवेद्याला उकडीचा किंवा आपल्याकडचा कणकेचा तळलेला मोदक असावाच. तो आपल्या पाणी-जमिनीचा, तांदूळ-गहू, नारळ आणि गुळाचा आहे. त्याची जागा कुणी घेऊ नये. पण त्याच्या शेजारी घरी केलेला चॉकलेटचा मोदक बसला तर बाप्पाचे काही बिघडणार नाही. ज्या ताटाने राजगिरा, बटाटा आणि काजू सामावून घेतला, त्या ताटाला कोको जड नाही.

खरी काळजी वेगळीच आहे. आज चॉकलेटचाही आणि उकडीचाही मोदक खोक्यातून घरी येऊ लागला आहे. फोनवर मागवला, दारात आला, देवापुढे ठेवला. घरात कुणाचे हात चिकट झाले नाहीत. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या आपल्यासारख्यांना हे जास्त महाग पडेल. आपली भाषा आणि रीतिरिवाज शाळेतून, कचेरीतून किंवा रस्त्यावरून मुलांपर्यंत पोचतीलच अशी खात्री नाही. ते पोचतात स्वयंपाकघरातून. 'पाक एकतारी झाला का बघ', 'तळ सुटला का', 'हाताला तूप लाव', 'कळी नीट घाल' हे शब्द मूल पुस्तकातून शिकत नाही. ते परातीशेजारी बसून शिकते.

उकडीच्या मोदकाची कळी घालणे पाच वर्षांच्या मुलाला जमत नाही. गरम उकड हाताला सोसत नाही. साच्यातला मोदक जमतो. म्हणून तो पहिली पायरी समजावा. यंदा साच्यातून चॉकलेटचा, पुढच्या वर्षी खव्याचा, आणि मग एखाद्या चतुर्थीला आजीच्या शेजारी बसून उकडीचा.

करून पाहावी अशी कृती

खाली दिलेल्या कृतीत स्लॅब लागत नाही. ब्राझीलच्या बायकांची गोळी आणि आपला मोदकाचा साचा यांचा हा मेळ आहे.

साहित्य: कंडेन्स्ड मिल्कचा 400 ग्रॅमचा डबा, 3 मोठे चमचे बिनसाखरेची कोको पावडर, 1 मोठा चमचा साजूक तूप, चिमूटभर मीठ. सारणासाठी अर्धी वाटी भाजलेला सुक्या खोबऱ्याचा कीस, थोडे काजूचे तुकडे, एक चमचा गुलकंद.

कोको चाळून घ्यावा, म्हणजे गुठळ्या राहत नाहीत. जाड बुडाच्या कढईत तूप, दूध, कोको आणि मीठ एकत्र करून मगच गॅस लावावा. आच मंद ठेवावी आणि हात थांबवू नये. दहा-पंधरा मिनिटांत मिश्रण घट्ट होऊन कढईचा तळ दिसू लागतो. उलथने फिरवल्यावर वाट क्षणभर तशीच राहिली की उतरवावे. फार आटवले तर मोदक चिवट होतात. इथपर्यंतचे काम मोठ्यांनी करावे. तूप लावलेल्या ताटलीत काढून पूर्ण निवू द्यावे. मग मुलांना बोलवावे. साच्याला आणि हाताला तुपाचे बोट लावायचे, दोन्ही बाजूंनी मिश्रण दाबायचे, मध्ये सारण भरायचे, खालून बंद करायचे आणि साचा हलकेच उघडायचा. लहान साच्याचे साधारण एकवीस मोदक होतात.

स्लॅबचेच करायचे असतील तर एवढे लक्षात ठेवावे. स्लॅबचे बारीक तुकडे करून वाफेच्या पाण्यावर ठेवलेल्या कोरड्या भांड्यात वितळवावे. वरच्या भांड्याचा तळ पाण्याला टेकू नये. पाण्याचा एक थेंब जरी आत पडला तरी चॉकलेटच्या गाठी होतात, म्हणून चमचा आणि साचा दोन्ही खडखडीत कोरडे हवेत. भाद्रपदातल्या आपल्या दमट हवेत याची विशेष काळजी घ्यावी.

साचा नसला तरी अडत नाही. गोळ्या वळून कोकोत घोळवल्या, तरी लाडू होतातच. आणि बाप्पाच्या हातात लाडू तर मूर्तिकारांनी केव्हाच दिला आहे.

गणपती बाप्पा मोरया!